तिसरे पाऊल कोणाच्या डोक्यावर?

वाचकहो, जुने कथेकरी पुरवले असे म्हणण्याची पाळी आता आली आहे. देव मासा झाला, डुक्कर झाला, खांबातून निघाला, बटू होऊन भीक मागू लागला, असे जे ते सांगत ते अक्षरशः सांगत. ऐकणाऱ्याला पटले तर तो मान डोलवी, न पटले तर तंबाखू मळीत बसे. आजचा बुवा तितका भोळा राहिलेला नाही. शाळा शिकलेली पोरे मंडपात बसतात हे त्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून तो प्रथमच हात वर करून सांगतो की, अहो, हे सारे रूपक आहे; मासा म्हणजे मासा नव्हे आणि बटू म्हणजे बटू नव्हे; यात गूढ अर्थ भरला आहे, तो गुरूवाचून कळत नाही. आणि मग तो गूढ अर्थ सांगू लागतो. हा सांगणारा एकाच जातीचा असतो असेही आता उरले नाही. शेंडी गेली आणि ध्वनिक्षेपक आला. पुष्कळदा तो आमच्यातुमच्यातलाच, कुणब्यामाळ्याच्या घरचा मुलगा असतो. मात्र पोथीतला मतलब सांगतो तो जुन्या मालकाचाच. तेव्हा आमचे भांडण कोणाच्या जन्माशी नसून त्या मतलबाशी आहे.

रूपकाचे आम्हांस वावडे नाही. बांधावरचा शेंदूर फासलेला दगड हा दगड आहे, हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही कळते. आणि शेजाऱ्याने बांध कोरू नये म्हणून तो तेथे बसविला आहे, हेही त्याला कळते. कुंभार चाकाला हळदकुंकू वाहतो, सुतार दसऱ्याला वाकस-करवत पुजतो, तेव्हा लाकडाला फळे येतील अशी त्याची समजूत नसते. चिन्ह वाचण्याची विद्या आमच्या घरात पोथीच्या आधीपासून आहे. सबब आमचे म्हणणे इतकेच की, देवाचे प्रकट होणे हे चिन्ह म्हणता ना, मग ते पुरते वाचा. अर्धे वाचून पोथी का मिटता?

आधी त्यांच्या लाडक्या अर्थाचा समाचार घेऊ. दशावतार म्हणजे डार्विनसाहेबाचा विकासवाद, असे आता मंडपोमंडपी ऐकू येते. आधी पाण्यातला मासा, मग पाण्यात व जमिनीवर राहणारे कासव, मग रानातला वराह, मग अर्धा पशू व अर्धा मनुष्य असा नरसिंह, मग खुजा वामन, मग परशूवाला राम, मग धनुष्यवाला राम, अशी चढण सांगतात. आमच्या ऋषींना हे सारे हजारो वर्षे आधी ठाऊक होते म्हणे! डार्विनचा ग्रंथ निघाला 1859 साली. 1877 साली मॅडम ब्लाव्हाट्स्की या थिऑसफी पंथाच्या बाईंनी आपल्या 'आयसिस अनव्हेल्ड' या इंग्रजी ग्रंथात अवतार आणि विकास यांची सांगड घातली, आणि पुढे ती आमच्या विद्वानांनी उचलली. म्हणजे ऋषींच्या पोटातले गुपित विलायतेत ग्रंथ छापून निघाल्यावर बाहेर पडले!

बरे, कल्पना कोणाचीही असो, ती टिकते काय? मत्स्याने ज्या मनूची नाव ओढली तो मनू मनुष्यच ना? मासा जर जीवांतला पहिला, तर नावेत माणूस आधीच येऊन कसा बसला? कासवाच्या पाठीवर मंदर पर्वत ठेवून समुद्र घुसळणारे देव आणि दैत्य कोण होते, बेडूक? नरसिंहाने ज्याला फाडले त्या हिरण्यकशिपूचा पुत्र प्रल्हाद, प्रल्हादाचा विरोचन आणि विरोचनाचा बळी. अर्ध्या पशूचा पुरा माणूस होण्यास तीन पिढ्या पुरल्या! चौथीतल्या पोराने असे गणित सोडविले तर आम्ही त्याला पुन्हा पाटी पुसावयास लावतो. आणि क्रम तरी कायम आहे काय? भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात बावीस अवतारांची यादी आहे. तीत पहिले येतात ते सनकादिक ब्रह्मचारी कुमार, दुसरा वराह, सहावा दत्तात्रेय, नववा पृथुराजा. आणि मासा येतो दहावा, कासव अकरावे. हा विकासाचा जिना कोणी चढून दाखवावा!

जुन्या ग्रंथांत तर ही रूपे विष्णूची म्हणूनही येत नाहीत. शतपथ ब्राह्मणात मनूला वाचविणारा मासा आहे, पण तो विष्णूचा अवतार असे तेथे म्हटलेले नाही. कासवाचे रूप त्याच ग्रंथात प्रजापती घेतो, आणि पृथ्वी वर काढणारा वराहही प्रजापतीच. पुढे विष्णूची थोरवी वाढली तेव्हा ही सारी रूपे त्याच्या खात्यावर चढली. एकाचे दुसऱ्याच्या खात्यावर कसे चढते हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे!

असो. मासा आणि कासव यांनी आमचे काही नेले नाही. आमचे नेले ते बटूने, म्हणून त्याच्यापाशी जरा अधिक वेळ थांबू.

बुवा सांगतो, बळी म्हणजे जिवाचा अहंकार आणि वामन म्हणजे ईश्वराची कृपा. पहिले पाऊल देहावर पडले, दुसरे मनावर, तिसरे अहंकारावर. अहंकार पाताळात गेला आणि जीव मुक्त झाला. ऐकावयास किती गोड! म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना पाणी येते. आता ज्या ग्रंथाच्या आधारे हे सांगतात, त्या भागवताच्या आठव्या स्कंधात काय लिहिले आहे ते पाहा.

नर्मदेच्या उत्तर तीरावर भृगुकच्छ येथे बळीचा अश्वमेध चालला आहे. तेथे छत्री, दंड आणि कमंडलू घेतलेला बटू येतो. यजमान उठून त्याचे पाय धुतो आणि म्हणतो, हवे ते माग. बटू त्याच्या वाडवडिलांची वाहवा करतो आणि आपल्या पावलांनी तीन पावले जमीन मागतो. बळीला हसू येते. मागून मागून एवढेच मागितलेस, एखादे बेट माग, असे तो म्हणतो. त्यावर बटूचे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे: तीन पावलांत ज्याचे समाधान होत नाही त्याचे बेट मिळूनही होणार नाही. असे बोलणारा पुढच्याच घटकेला सारी पृथ्वी एका पावलात आणि सारा स्वर्ग दुसऱ्या पावलात घेतो! शुक्राचार्य बळीला आधीच बजावतात की हा विष्णू आहे, सर्वस्व जाईल, शब्द फिरव. बळी म्हणतो, दिलेला शब्द मी फिरविणार नाही. गुरू शाप देतो तरी तो ढळत नाही. मग त्याला वरुणाच्या पाशांनी बांधतात, आणि तिसऱ्या पावलाची भरपाई झाली नाही म्हणून नरकवासाची धमकी मिळते. बांधलेला बळी म्हणतो, तिसरे पाऊल माझ्या डोक्यावर ठेव.

आता यात अहंकार कोठे आहे तो दाखवा. पाय धुणारा बळी, देणारा बळी, शब्द पाळणारा बळी, बांधून घेणारा बळी. बळीने इंद्राचा स्वर्ग आधी लढून जिंकला होता हे खरे, ते आम्ही लपवीत नाही. पण लढून जिंकलेले लढून परत घ्यावयास कोणी हरकत घेतली होती? लढाई जमेना तेव्हा भिक्षापात्र पुढे केले. बाराव्या शतकात जयदेवाने दशावतार गाताना वामनाच्या कामाला छळ हाच शब्द लावला. तो भक्त होता, पण शब्द प्रामाणिक वापरून गेला. आजचा बुवा तेवढाही प्रामाणिक नाही. तो त्याच कामाला कृपा म्हणतो.

आणि कृपेचा हा आधारही पोथीतच आहे, तो बाविसाव्या अध्यायात. बळीला सोडा अशी विनवणी करावयास ब्रह्मदेव येतो, तेव्हा भगवान त्याला सांगतात की, ज्याच्यावर आपण अनुग्रह करतो त्याचे धन आपण काढून घेतो. वाचकहो, हे वाक्य नीट पारखून पाहा. बळीवर अनुग्रह झाला, त्याचे सर्व गेले. पण गेले कोठे? ते इंद्राला मिळाले. मग इंद्रावर अनुग्रह का नाही? त्याच्या ऐश्वर्यातली एक कवडी तरी देवाने कृपा म्हणून काढून घेतली काय? देणाऱ्याचा अहंकार उतरावा म्हणून त्याला पाताळात ढकलावयाचे, आणि घेणाऱ्याच्या अहंकाराला सिंहासन द्यावयाचे, असे हे रूपक आहे. बळीला सुतल लोक दिला, देव स्वतः त्याच्या दाराशी गदा घेऊन उभा राहिला, असे पुढे सांगतात ना! असेल. ज्याचे घर गेले त्याच्या झोपडीवर पहारा ठेवण्यासारखेच ते आहे.

हीच तीन पावले जुन्या वेदात कशी होती हे कोणी सांगत नाही, ते आम्ही सांगतो. ऋग्वेदात विष्णू तीन पावले टाकतो, हे पहिल्या मंडळाच्या 154 व्या सूक्तात आहे. तेथे बळी नाही, बटू नाही, भीक नाही आणि फसवणूकही नाही. सातव्या मंडळाच्या शंभराव्या सूक्तात तर त्याने पृथ्वी पावलांनी आक्रमिली ती कशासाठी, हेही सांगितले आहे: मनुष्याला वस्तीसाठी क्षेत्र मिळावे म्हणून! पाहिलेत? मूळचे पाऊल जमीन देणारे होते. यास्काने आपल्या निरुक्तात या तीन पावलांविषयी जुन्या आचार्यांची मते नोंदली आहेत. शाकपूणी म्हणतो ती पावले पृथ्वी, अंतरिक्ष आणि स्वर्ग यांवर पडली. और्णवाभ म्हणतो ती उगवतीला, माथ्यावर आणि मावळतीला पडली. म्हणजे तो सूर्य झाला. सकाळी मोटेवर उभा राहणारा आमचा आजाही हा अर्थ सांगू शकला असता, त्याला गूढ म्हणण्याचे कारण नव्हते. रूपक वाचावे तर असे, दिवसाढवळ्या.

मग मधल्या काळात काय घडले? शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात त्याचा माग लागतो. देव आणि असुर हे दोघेही प्रजापतीचे पुत्र. असुरांनी पृथ्वी आपली समजून ती बैलाच्या कातड्यांनी मोजून वाटून घ्यावयास आरंभ केला. देवांना बातमी लागली. ते विष्णूला पुढे घालून वाटा मागावयास गेले. विष्णू तेव्हा खुजा होता. असुर कुरकुरत म्हणाले, हा जेवढ्या जागेवर निजेल तेवढी देऊ. देवांनी त्याला निजविले, तीन बाजूंनी छंदांचे कुंपण घातले, पूर्वेला अग्नी ठेवला, आणि यज्ञ करीत करीत त्या जागेतून सारी पृथ्वी मिळविली. कारण विष्णू म्हणजेच यज्ञ, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. आम्हांस हा ग्रंथकर्ता आवडतो. त्याने झाकपाक केली नाही. ज्याची वेदी त्याची भूमी, एवढेच तो सांगतो. जेवढ्या जागेवर एक बुटका निजतो तेवढी जागा यज्ञासाठी द्या, आणि मग पाहा तिचा विस्तार किती होतो तो!

त्यानंतर पुराणे आली, आणि तेथे वाटेकऱ्याचा भिकारी झाला, मोजणीची फसवणूक झाली आणि फसवणुकीची कृपा झाली. रूप तेच राहिले, पाऊलही तेच राहिले. पाऊल कोणाच्या बाजूने पडावयाचे हे मात्र लिहिणाऱ्याने ठरविले. आमचा मुद्दा आहे तो हाच.

हे नुसते पोथीत राहिले असते तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. कर्नाटकात बदामी येथे डोंगरात कोरलेली तिसरी लेणी आहे. तीत आकाशाला पाय लावणाऱ्या त्रिविक्रमाची मोठी मूर्ती आहे. चालुक्य राजा कीर्तिवर्मा याचा भाऊ मंगलेश याने ती लेणी करविली आणि शके 500, म्हणजे इसवी सन 578 च्या कार्तिकी पौर्णिमेचा लेख तेथे कोरला. त्या लेखात नारायणबलीसाठी आणि सोळा ब्राह्मणांच्या रोजच्या जेवणासाठी एक गाव लावून दिल्याची नोंद आहे. देवाने पाय उचलला तो दगडात, आणि खाली पडला तो एका गावावर! त्या गावातल्या नांगरणाऱ्याचे नाव लेखात नाही. पुढे जागोजागीच्या ताम्रपटांत असाच प्रकार दिसतो. हातावर पाणी सोडून जमीन द्यावयाची, आणि शेवटी श्लोक घालावयाचा की देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहील आणि परत घेणारा तितकीच वर्षे नरकात. आमच्या बोलण्यात उदक सोडणे म्हणजे हक्क कायमचा टाकणे, तो शब्द या पाण्यातूनच आला आहे. बळीच्या झारीच्या तोंडाशी शुक्राचार्य जाऊन बसला आणि बटूने दर्भाने त्याचा डोळा फोडला, ही लोकांतली गोष्ट आमची बाया-माणसे हसून सांगतात. पण नीट पाहिल्यास ती दानपत्राची गोष्ट आहे. पाणी अडविणारा कारकून आंधळा केल्याशिवाय खत पुरे होत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, राजे गेले, ताम्रपट गेले, इनामेही गेली, आता हे उकरून काय उपयोग? उपयोग असा की, ज्या मंडपात हे कीर्तन चालते त्याच मंडपात बसलेल्या कित्येक घरांच्या सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढलेला आहे. कोणाची दोन एकर जमीन पोरीच्या लग्नात सावकाराने उसनवारीच्या नावाने लिहून घेतली आणि ती खरेदीखत ठरली. तिची विधवा सासू मंडपात पुढे बसते. तिला सांगतात, गेले ते देवाने कृपेने नेले, अहंकार सोड, बळीसारखे डोके पुढे कर. आता 2014 सालच्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमात, सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन चौकशी होऊन परत मिळण्याची तरतूद आहे. पण जी बाई जमीन जाणे हीच कृपा मानू लागली, ती निबंधकाच्या कचेरीची पायरी चढेल काय? तिचा अर्ज कोणी फाडला नाही. तो लिहिलाच जाऊ दिला नाही. एवढे काम एका रूपकाने केले. पुणे जिल्ह्यात सुपे येथे 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खते ओढून जाळली, त्या लोकांनी गेलेल्या जमिनीला कृपा म्हटले असते तर 1879 चा शेतकरी संरक्षणाचा कायदा निघण्याचे कारणच पडले नसते.

येथे आमच्याच मंडळींशीही दोन शब्द बोलावे लागतात. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या आर्यांच्या स्वाऱ्या असे मांडले. बळी हा येथल्या शेतकऱ्यांचा राजा ठरविला, खंडोबा-जोतिबा हे त्याचे अधिकारी ठरविले. त्या काळी हे लिहावयास वाघाचे काळीज हवे होते. तथापि आज ते अक्षरशः इतिहास म्हणून घोकणे बरे नव्हे. बळी नावाचा राजा अमुक साली अमुक ठिकाणी राज्य करीत होता याला शिलालेख नाही, नाणे नाही. डॉ. आंबेडकरांनी 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात आर्यांच्या स्वारीची उपपत्तीच नाकारली. मग जोतीरावांचे काय उरले? उरला तो त्यांचा प्रश्न, आणि तोच लाख मोलाचा. गोष्ट कोणाच्या फायद्याची आहे, हे विचारावयास त्यांनी शिकविले. पुराणाला उलटे पुराण हे उत्तर दिले तर पोरे दोन्ही पुराणे सारखीच पाठ करतील आणि प्रश्न विसरतील.

आमच्या आयाबहिणींनी तर पोथी न वाचताच उत्तर दिले आहे. पोथीने बळीला पाताळात घातले, आणि बलिप्रतिपदेला ओवाळताना बाई म्हणते, इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो. वामनाचे राज्य येवो असे कोणत्या घरात म्हणतात? केरळात ओणमच्या सणाला घरोघरी अंगणात फुले मांडून स्वागत करतात तेही महाबळीचेच. देवाने घातलेला माणूस लोक दरसाल वर काढतात. हाही चिन्हाचा अर्थच आहे, आणि तो सांगावयास कोणी मानधन घेतले नाही.

देवाचे प्रकट होणे म्हणजे नेहमी गरिबाच्या डोक्यावर पाय, असा आमचा आरोप नाही. ग्रंथांतच दुसरी प्रकटणी आहेत, ती मंडपात क्वचित ऐकू येतात. केनोपनिषदात देवांना विजय मिळतो आणि ते फुगतात, की हा पराक्रम आमचा. तेव्हा त्यांच्यापुढे एक यक्ष प्रकट होतो. कोण आहे ते कळेना. तो अग्नीपुढे गवताची काडी ठेवतो आणि म्हणतो, जाळ. अग्नीला ती जळत नाही. वायूला ती उडत नाही. इंद्र पुढे होतो तो यक्ष नाहीसाच होतो, आणि ते ब्रह्म होते हे उमेने सांगितल्यावर त्याला कळते. पाहा, अहंकार उतरविणेच जर देवाचे काम, तर येथे तो जिंकलेल्यांचा उतरविला आहे, एका काडीने उतरविला आहे, आणि कोणाची वीतभर जमीन न घेता. इंद्राला गप्प करणारी ही गोष्ट ज्या परंपरेत आहे तीच परंपरा बळीची गोष्ट मात्र सप्ताहाला का काढते, याचा विचार वाचकांनी करावा. ख्रिस्ती आणि यहुदी लोकांच्या ग्रंथात मोशे नावाच्या मेंढपाळाला पेटलेल्या पण न जळणाऱ्या झुडपात देव दिसतो. तो देव बोलून दाखवितो, की मिसर देशात मुकादमांच्या हाताखाली भरडणाऱ्या माझ्या लोकांचा आक्रोश मी ऐकला आहे. मेंढ्या राखणाऱ्या आमच्या धनगर बांधवांना हे रूपक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आणि पंढरीचा देव! तो आईबापांची सेवा करणाऱ्या मुलाकडे आला, मुलाने हात मोकळे नाहीत म्हणून वीट फेकली, आणि देव त्या विटेवर उभा राहिला. हातात शस्त्र नाही, दोन्ही पावले जुळलेली, कमरेवर हात. एका देवाचे पाऊल बळीच्या डोक्यावर आणि दुसऱ्या देवाचे पाऊल कुंभाराच्या भट्टीतल्या विटेवर, यात जो फरक आहे तो सांगावयास कोणता गुरू हवा? पण येथेही आम्ही आंधळी स्तुती करणार नाही. विटेवरचा देव सर्वांसाठी उभा आहे असे शेकडो वर्षे गाइले, आणि चोखोबाच्या जातभाईंना मात्र दाराबाहेरच ठेवले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. अर्थ दगडात होता. तो घरात आणावयास माणसाला उपाशी राहावे लागले.

अर्थ नाकारण्याचाही हक्क माणसाला असतो, हेही सांगून टाकतो. दशावतारांच्या यादीत नववा बुद्ध घातला. आमच्याकडच्या जुन्या चित्रांत तर त्याच्या जागी विठोबाच काढलेला असतो. भागवत म्हणते, देवांच्या शत्रूंना मोह पाडण्यासाठी तो येतो. म्हणजे बुद्धाची शिकवण ही देवाने मुद्दाम पसरविलेली भूल! एका मोठ्या शिक्षकाला मान दिल्यासारखे करून त्याच्या शिकवणुकीला विष ठरविण्याची ही युक्ती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आपण मानीत नाही, ही एक आहे. ज्याचे रूपक केले त्याच्याच लोकांनी उठून सांगितले, आमचा माणूस आमचा आम्हांला परत द्या.

बळीच्या लोकांनी अजून तसे लेखी मागितलेले नाही. म्हणून आमची सूचना अशी की, ज्या बुवांना हे लिहिणे खोटे वाटत असेल त्यांनी भागवताचा आठवा स्कंध बगलेत मारून कोणत्याही रविवारी आमच्या मराठी शाळेत यावे. फळा आहे, खडू आहे, बसावयास सतरंजी आहे, चहाची सोय आम्ही करू. पंधराव्या अध्यायापासून तेविसाव्यापर्यंत एकेक श्लोक वाचू, अर्थ त्यांनीच सांगावा. गावातल्या बायाबापड्यांना बोलावू, ज्यांच्या सात-बारावर बोजा आहे त्यांना पुढे बसवू, आणि प्रत्येक पावलाखाली कोण आले ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत जाऊ.